बीएस्सी बायोकेमिस्ट्री: आधी हिशोब पक्का करा, पाठांतर नंतर

बारावीला गणित सोडलेली, नीटमध्ये थोडक्यात हुकलेली आणि 'मेडिकलच्या जवळचं काहीतरी' म्हणून बायोकेमिस्ट्रीला आलेली मुलं दर वर्षी प्रत्येक कॉलेजात असतात. त्यात वाईट काही नाही. ती घोकंपट्टीच्या तयारीने येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला समोर उभे राहतात मोल, लॉग, बफर आणि डायल्यूशन. पुढे ज्यांना केटी लागते त्यातल्या बहुतेकांचं घोडं क्रेब्ज सायकलवर अडलेलं नसतं, ते याच आकडेमोडीत अडलेलं असतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला येतो हे विद्यापीठागणिक बदलतं, पण शिकण्याचा क्रम सहसा हाच ठेवावा.

कॉलेज सुरू होण्याआधी

दोन-तीन आठवडे हातात असतील तर बायोलॉजीचं पुस्तक उघडू नका. तीन गोष्टी घासून घ्या: एककं, मोलॅरिटी आणि लॉग.

एककांत मुलं कशी फसतात ते पाहा. रक्तातली साखर डेसिलीटरला ९० मिलिग्रॅम आहे, मिलिमोलरमध्ये किती? एका लीटरला ९०० मिलिग्रॅम, ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे ५ मिलिमोलर. ही कसरत कागद न घेता जमली पाहिजे. आणखी एक समीकरण अंगवळणी पाडा: एका मिलीलीटरमध्ये १ मायक्रोमोल म्हणजेच १ मिलिमोलर. एन्झाइमच्या प्रत्येक हिशोबात ते लागतं.

लॉगसाठी दोनच आकडे लक्षात ठेवले तरी भागतं: २ चा लॉग ०.३०१ आणि ३ चा ०.४७७. यावरून ४, ५, ६, ८, ९ सगळे निघतात. बफरचा पीएच काढण्याच्या हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणात आम्ल आणि त्याचा क्षार समसमान असतील तर पीएच म्हणजेच पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा). क्षार दुप्पट असेल तर पीकेएत ०.३ मिळवा, दहापट असेल तर १ मिळवा. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो, पण उत्तर सुमारे किती यायला हवं याचा अंदाज आधी असेल तरच चुकीचं बटण दाबलेलं लक्षात येतं.

डायल्यूशनमधली एक जुनी भानगड इथेच मिटवून टाका. 'एकास दहा' म्हणजे १ मिली नमुना अधिक ९ मिली पाणी, की १ अधिक १०? बहुतेक बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये १ मिलीचे एकूण १० मिली करायचे असाच अर्थ धरतात, पण शिक्षकांना विचारून जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन जोडीदारांनी दोन अर्थ धरले की उत्तरात दहा टक्क्यांची तफावत येते आणि मग दोघं मिळून कलरीमीटरला दोष देतात.

बफर: पहिली खरी परीक्षा

पीएच ७.० चा, ०.१ मोलर सोडियम फॉस्फेट बफर २०० मिली बनवायचा आहे. पद्धत सोपी. सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट यांची प्रत्येकी ०.२ मोलर द्रावणं बनवायची, ठरलेल्या प्रमाणात मिसळायची आणि पाणी घालून २०० मिली करायचं.

पहिला खड्डा बाटलीच्या लेबलवर आहे. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट निर्जल असेल तर रेणुभार १४२ धरतात, दोन रेणू पाण्याचं असेल तर १७८ आणि बारा रेणू पाण्याचं असेल तर ३५८. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात 'लीटरला २८.४ ग्रॅम' लिहिलेलं असतं ते निर्जलसाठी. तेवढंच वजन बारा पाण्याच्या बाटलीतून घेतलं तर ०.२ ऐवजी ०.०८ मोलरच द्रावण मिळतं. म्हणून तराजूकडे जाण्याआधी बाटलीवरचा रेणुभार स्वतः वाचायचा. पुस्तकातला आकडा उतरवून घ्यायचा नाही.

दुसरा खड्डा जास्त गमतीचा आहे. पाठ्यपुस्तकात फॉस्फेटचा दुसरा पीकेए ७.२ दिलेला असतो. त्यावरून हिशोब केला तर पीएच ७.० साठी डायसोडियम क्षार सुमारे ३९ मिली आणि डायहायड्रोजन क्षार ६१ मिली लागतो असं उत्तर येतं. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र बरोबर उलटं असतं: डायहायड्रोजन ३९, डायसोडियम ६१. मुलं म्हणतात, तक्ता चुकलाय. चूक कुणाचीच नाही. ७.२ हा आकडा अतिविरल द्रावणाचा. ०.१ मोलरच्या आसपास द्रावणात आयनांची इतकी गर्दी असते की प्रत्यक्ष वागणूक ६.८ पीकेए असल्यासारखी होते. ६.८ घालून पुन्हा हिशोब करा, तक्त्याचे आकडे जसेच्या तसे मिळतात. कागदावरच्या हिशोबाने जवळपास पोचायचं आणि शेवट पीएच मीटरवर करायचा हे यावरून कायमचं ध्यानात राहतं.

पीएच मीटर वापरण्याआधी ७.० च्या आणि आपण जिकडे जाणार त्या बाजूच्या, म्हणजे ४.० किंवा ९.२ च्या, प्रमाणित बफरने कॅलिब्रेट करा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवण्याची खोड अनेक लॅबमध्ये आहे. त्याने आतले आयन झिरपून बाहेर जातात आणि काही महिन्यांत रीडिंग भरकटायला लागतं. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा.

ट्रिस बफरला तापमानाचं वेड आहे. अंश सेल्सिअसमागे त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने घसरतो. खोलीत २५ अंशांना ८.० केलेला ट्रिस फ्रिजमध्ये ४ अंशांना ८.६ च्या घरात जातो. थंडीत वापरायचा असेल तर पीएच थंडीतच लावायचा.

अमिनो आम्लं

वीसच्या वीस रचना काढता आल्याच पाहिजेत, इथे पाठांतराला पर्याय नाही. पण क्रम वर्णमालेचा नको. ग्लायसिन, अ‍ॅलानिन, सेरीन, सिस्टीन अशी अ‍ॅलानिनला एकेक गट जोडत जाणारी साखळी करा: अ‍ॅलानिनच्या मिथाइलवर हायड्रॉक्सिल लावला की सेरीन, सल्फहायड्रिल लावला की सिस्टीन, बेंझिनचं कडं लावलं की फिनाइलअ‍ॅलानिन, त्या कड्यावर हायड्रॉक्सिल लावला की टायरोसिन. रोज चार, पाच दिवसांत वीस. एकाक्षरी खुणाही त्याच वेळी शिकून घ्या, पुढे सीक्वेन्स वाचताना त्याच लागतात.

विद्युतभार ठरवणाऱ्या बाजूच्या साखळ्यांचे पीकेए सातच. अ‍ॅस्पार्टेट ३.९, ग्लुटामेट ४.२, हिस्टिडिन ६.०, सिस्टीन ८.३, टायरोसिन १०.१, लायसिन १०.५, आर्जिनिन १२.५. हिस्टिडिनवर खूण करा. शरीराच्या पीएचजवळ प्रोटॉन घेऊ-देऊ शकणारी बाजूची साखळी तिचीच, म्हणून इतक्या एन्झाइमांच्या सक्रिय जागी ती सापडते.

पीआय, म्हणजे रेणूवरचा एकूण भार शून्य होतो तो पीएच, काढताना हमखास होणारी चूक म्हणजे तिन्ही पीकेएंची सरासरी. लायसिनचे पीकेए २.१८, ८.९५ आणि १०.५३. रेणूवर एकूण भार शून्य असतो तो ८.९५ आणि १०.५३ यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणून फक्त त्या दोघांची सरासरी: ९.७४. ग्लुटामेटमध्ये हेच खालच्या दोघांत होतं, २.१९ आणि ४.२५, उत्तर ३.२२. सूत्र लक्षात ठेवू नका. अगदी कमी पीएचपासून सुरुवात करून एकेक प्रोटॉन काढत भार मांडत जा, +२, +१, ०, −१. शून्याच्या दोन्ही बाजूंचे पीकेए घ्या. पाच अमिनो आम्लांच्या पेप्टाइडलाही हीच रीत चालते.

प्रथिनांच्या रचनेसाठी कागद अपुरा पडतो. प्रोटीन डेटा बँक ही साइट मोफत आहे. तिथे ४एचएचबी हा कोड टाकला की ऑक्सिजन नसलेलं मानवी हिमोग्लोबिन उघडतं. ब्राउझरमध्येच ते फिरवा, चार साखळ्यांना चार रंग द्या, हीम शोधा आणि हीमच्या लोहाला धरून बसलेली हिस्टिडिन शोधा. या अर्ध्या तासानंतर चतुर्थक रचनेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

लाउरी पद्धत: एक प्रॅक्टिकल जवळून

प्रथिन मोजण्याची ही पद्धत १९५१ पासूनची आहे आणि जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. ती नीट जमली की बाकीची अर्धी प्रॅक्टिकलं जमतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

द्रावणं अशी. 'ए' म्हणजे ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये २ टक्के सोडियम कार्बोनेट. 'बी' म्हणजे १ टक्का सोडियम पोटॅशियम टार्ट्रेटमध्ये ०.५ टक्के कॉपर सल्फेट. 'सी' म्हणजे ५० मिली 'ए' मध्ये १ मिली 'बी', वापरायच्या दिवशीच बनवायचं. चौथं फोलिन-सिओकाल्टो, बाजारातलं २ नॉर्मल मिळतं, ते समभाग पाण्याने पातळ करून घ्यायचं. ते पिवळं असतं. हिरवट झालं असेल तर खराब झालंय, वापरू नका.

प्रमाणित द्रावणासाठी ५० मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन) ५० मिलीत विरघळवा. बाटली हलवू नका. बीएसए साबणासारखा फेसाळतो, फेसात अडकलेलं प्रथिन द्रावणात उतरत नाही आणि मेनिस्कसही दिसत नाही. पावडर पाण्याच्या पृष्ठभागावर टाकून दहा-पंधरा मिनिटं तशीच सोडा, आपोआप विरघळते. यातले १० मिली घेऊन ५० मिली करा, म्हणजे मिलीला २०० मायक्रोग्रॅम.

१. सहा नळ्यांत ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० मिली प्रमाणित द्रावण घ्या. म्हणजे ०, ४०, ८०, १२०, १६० आणि २०० मायक्रोग्रॅम. अज्ञात नमुन्याच्या दोन वेगळ्या मात्रा, ०.५ आणि १.० मिली, दोन नळ्यांत घ्या. सगळ्या नळ्या पाण्याने १ मिली करा.

२. प्रत्येकीत ५ मिली 'सी' घालून मिसळा. १० मिनिटं थांबा.

३. प्रत्येकीत ०.५ मिली फोलिन घाला, आणि घालताक्षणी ती नळी मिसळा. मगच पुढच्या नळीकडे जा.

४. अंधारात ३० मिनिटं ठेवा. ६६० नॅनोमीटरला, म्हणजे कलरीमीटरच्या लाल फिल्टरवर, शून्य नळीने ब्लँक लावून ओडी (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचा आकडा) घ्या.

हे प्रॅक्टिकल बिघडतं ते तिसऱ्या पायरीवर. फोलिन अल्कलीत टिकत नाही. नळीतलं द्रावण अल्कलाइन, त्यामुळे फोलिन पडल्यापासून ते नष्ट व्हायला सुरुवात होते आणि ते संपण्याआधीच तांब्याशी जोडलेल्या प्रथिनाने फोलिनला क्षपित करायचं असतं. आठही नळ्यांत फोलिन घालून मग सगळ्या हलवल्या तर पहिल्या नळ्यांचा रंग फिका राहतो आणि आलेख सापासारखा वळतो.

आलेख वरच्या टोकाला वाकतो, ते मात्र नैसर्गिक आहे. जबरदस्तीने पट्टी लावून सरळ रेषा ओढू नका; वाकलेला भाग सोडून द्या आणि नमुना असा पातळ करा की त्याचा ओडी मधल्या भागात पडेल. ओडी १ म्हणजे फक्त १० टक्के प्रकाश पार गेला, २ म्हणजे १ टक्का. साध्या कलरीमीटरला तेवढ्या अंधुक प्रकाशात भेद करता येत नाही, म्हणून ०.१ ते ०.८ च्या दरम्यान राहायचं.

नमुना अंड्याचा पांढरा बलक असेल तर त्यात सुमारे १० टक्के प्रथिन असतं, म्हणजे ग्रॅमला १०० मिलिग्रॅम. मोजता यावं म्हणून तो हजारपट पातळ करावा लागतो: १ मिलीचे १०० मिली, त्यातल्या १० मिलीचे पुन्हा १०० मिली. पहिलं डायल्यूशन साध्या पाण्यात केलं तर काही प्रथिनं साक्याने खाली बसतात, म्हणून ०.९ टक्के मिठाचं पाणी घ्या.

शेवटचा हिशोब पावलापावलाने लिहा. समजा ०.५ मिली नमुन्याच्या नळीचं उत्तर आलेखावर ५५ मायक्रोग्रॅम आलं. म्हणजे मिलीला ११०. गुणिले हजार, म्हणजे मिलीला ११० मिलिग्रॅम. अर्धा मिली घेतला होता हे विसरलात तर उत्तर निम्मं येतं. डायल्यूशन विसरलात तर हजारपट कमी. दोन्ही चुका व्हायवात लगेच पकडल्या जातात, कारण अंड्यात प्रथिन किती असतं हे परीक्षकांना पाठ असतं. दुसऱ्या नळीत, १.० मिलीच्या, बरोबर दुप्पट यायला हवं. येत नसेल तर नमुन्यातलंच काहीतरी ढवळाढवळ करतंय. ट्रिस, ईडीटीए, साखर आणि मरकॅप्टोइथॅनॉल ही नेहमीची मंडळी.

व्हायवाचा आवडता प्रश्न: जिलेटिनचा रंग इतका फिका का? फोलिनचा बहुतेक रंग टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनमुळे येतो. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाहीच, टायरोसिन अगदी थोडं. बीएसएच्या आलेखावर ते मोजलं तर खऱ्यापेक्षा कमी भरणारच.

एन्झाइम: वेग म्हणजे सुरुवातीचा वेग

लाळेतलं अमायलेज हे स्वस्तात मस्त एन्झाइम. चूळ भरून दोन मिनिटांनी गोळा केलेली लाळ, विरघळणाऱ्या स्टार्चचं १ टक्का द्रावण, पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर, ३७ अंशांचा वॉटर बाथ आणि साखर मोजायला डीएनएस, म्हणजे साखरेबरोबर तापवल्यावर रंग देणारं द्रावण. बफरमध्ये थोडं मीठ हवंच, कारण हे एन्झाइम क्लोराइडशिवाय नीट चालत नाही. अनेक प्रॅक्टिकल पुस्तकांत मीठ घालायचं सांगतात, का ते सांगत नाहीत.

फसण्याची जागा एकच: लाळ पुरेशी पातळ न करता वापरणं. पहिल्या मिनिटातच बहुतेक स्टार्च संपतो, मग दोन, चार, आठ मिनिटांची रीडिंग सारखीच येतात आणि विद्यार्थी निष्कर्ष काढतो की वेळेचा परिणाम होत नाही. आधी अदमास घ्या. लाळ २०, १०० आणि ५०० पट पातळ करून तिन्ही पाच मिनिटं चालवा. जिथे वेळ दुप्पट केल्यावर साखरही दुप्पट येते ते डायल्यूशन तुमचं. ढोबळ नियम असा की सब्स्ट्रेटचा, म्हणजे इथे स्टार्चचा, दहावा भाग संपेपर्यंतच वेग मोजायचा.

शून्य वेळेच्या ब्लँकमध्ये डीएनएस आधी घालायचं आणि लाळ नंतर. डीएनएस अल्कलाइन असल्यामुळे एन्झाइम तिथल्या तिथे थांबतं. उलटा क्रम केला तर ब्लँकमध्येही साखर तयार होते आणि सगळीच रीडिंग खाली येतात. डीएनएसच्या नळ्या एकाच वेळी, खळखळ उकळत्या पाण्यात टाकायच्या, एकाच वेळी काढायच्या. पाणी नुसतं वाफाळत असेल तर रंग पुरा उमलत नाही.

आता केएम आणि व्हीमॅक्स. व्हीमॅक्स म्हणजे एन्झाइमचा कमाल वेग, केएम म्हणजे त्याच्या निम्मा वेग देणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण. मिकेलिस आणि मेंटेन यांचं समीकरण १९१३ चं, लाइनवीव्हर-बर्क यांची उलट्या आकड्यांची सरळ रेषा १९३४ ची. परीक्षेत हीच रेषा काढायला सांगतात, तेव्हा ती यायलाच हवी. पण तिच्यातला दोष समजून घ्या. समजा खरा व्हीमॅक्स १०० आणि केएम २ मिलिमोलर आहे. सब्स्ट्रेट ०.५, १, २, ४, ८ घेतलं तर वेग २०, ३३.३, ५०, ६६.७, ८० यायला हवेत. पहिल्या रीडिंगमध्ये फक्त दोनाची चूक होऊन २० ऐवजी १८ आला, बाकी सगळी अचूक, तर सरळ रेषेवरून केएम २.६ निघतो आणि व्हीमॅक्स ११३. तीच दोनाची चूक शेवटच्या रीडिंगमध्ये झाली, ८० ऐवजी ७८, तर केएम १.९७ आणि व्हीमॅक्स ९९. व्यस्त घेतल्यामुळे सगळ्यात लहान, म्हणजे सगळ्यात कमी भरवशाचं रीडिंग रेषेचं दूरचं टोक होऊन बसतं आणि अख्खी रेषा आपल्याकडे ओढतं. म्हणून कमी सब्स्ट्रेटच्या नळ्या तीन-तीन करा, जास्तीच्या एकेक चालतील. हे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून स्वतः पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

स्टार्चचा केएम मिलिमोलरमध्ये लिहू नका. स्टार्चचा एकच ठरावीक रेणुभार नसतो. मिलीला मिलिग्रॅम असंच लिहायचं.

चयापचय कसं लावायचं

दुसऱ्या वर्षी तक्ते अंगावर येतात. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्जच्या आठ, मग स्निग्धाम्लं, युरिया, न्यूक्लिओटाइड. सगळं एकदम घोकणारा परीक्षेच्या आदल्या रात्री सगळंच गोंधळवून बसतो.

आधी कोरा कागद घ्या आणि फक्त कार्बनचे आकडे लिहा: सहाचं ग्लुकोज, तीन-तीनचे दोन तुकडे, दोनचं अ‍ॅसिटाइल. मग चालतं कुठे ते लिहा, सायटोसॉल की मायटोकाँड्रिया. मग न उलटणाऱ्या पायऱ्या तेवढ्या गडद करा. ग्लायकोलिसिसमध्ये त्या तीनच आहेत, हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुव्हेट कायनेज. नियंत्रण याच जागी असतं आणि ग्लुकोनिओजेनेसिसला वळसा याच जागी घ्यावा लागतो, तोही वेगळ्या चार एन्झाइमांनी. एवढं झाल्यावर मधल्या पायऱ्या भरा. एन्झाइमचं नावच पुष्कळ सांगतं: कायनेज दिसलं की एटीपी शोधा, डिहायड्रोजनेज दिसलं की एनएडी किंवा एफएडी.

सहएन्झाइमं वेगळी पाठ करू नका, कामाला जोडा. कीटो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढायचा असेल तर थायमिन, अमिनो गट हलवायचा असेल तर बी६, कार्बन डायऑक्साइड जोडायचा असेल तर बायोटिन. मग पॉलिश केलेल्या तांदळावरच राहणाऱ्यांना बेरीबेरी का होतो आणि त्यात पायरुव्हेट का साचतं, हे वेगळं शिकावं लागत नाही.

एटीपीच्या हिशोबात जुनी आणि नवी पुस्तकं भांडतात. जुन्यांत एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ ला २ धरून ग्लुकोजचे ३६ किंवा ३८, नव्यांत २.५ आणि १.५ धरून ३० किंवा ३२. पामिटेटचे जुने १२९, नवे १०६. पामिटेट एकदा स्वतः मांडा: ७ फेऱ्या, ८ अ‍ॅसिटाइल, अ‍ॅसिटाइलचे ८०, एनएडीएचचे १७.५, एफएडीएच२ चे १०.५, एकूण १०८, सक्रिय करायला गेलेले २ वजा. उत्तरपत्रिकेत कुठले आकडे धरले ते एका ओळीत लिहिलं की परीक्षक कुठल्याही पिढीचे असोत, मार्क कापायला कारण उरत नाही.

कार्बनचा माग काढण्याचा सराव फार कमी जण करतात आणि प्रवेशपरीक्षांत नेमका तोच विचारतात. ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर खूण केली तर ती पायरुव्हेटच्या मिथाइलवर दिसते. तिसऱ्या किंवा चौथ्यावर केली तर कार्बोक्सिलवर, म्हणजे अ‍ॅसिटाइल होतानाच ती कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. क्रेब्जच्या पहिल्या फेरीत अ‍ॅसिटाइलचे दोन कार्बन बाहेर पडत नाहीत. बाहेर पडतात ते ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे.

इलेक्ट्रॉन वाहतुकीत सायटोक्रोम सी ला पोचलात की जाता जाता आठवण ठेवा: वनस्पतींतही ते असतं हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवलं ते कमला सोहोनी यांनी, १९३९ च्या सुमारास. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वर्षानुवर्षं हाच विषय शिकवला.

सगळे मार्ग एकत्र आले की नाही हे तपासायला एक प्रश्न पुरतो. 'एकादशी दुप्पट खाशी' वाली नव्हे, खरी निर्जळी एकादशी केलेल्या माणसाच्या यकृतात रात्री काय चालू असेल? ग्लुकागॉन वर, इन्सुलिन खाली, यकृतातलं ग्लायकोजेन संपत आलेलं, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट घटल्यामुळे ग्लायकोलिसिस मंद आणि ग्लुकोनिओजेनेसिस जोरात, कच्चा माल लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अ‍ॅलानिन, इंधन स्निग्धाम्लं. स्नायूंत ग्लायकोजेन आहे, पण ते रक्तात ग्लुकोज सोडू शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही. आता त्याच माणसाने साबुदाण्याची खिचडी खाल्ली असती तर? एकेका बाणाची दिशा बदलून पाहा. दोन्ही चित्रं कागदावर आली, तर चयापचयाचा पेपर तुमचा.

जर्नल आणि लेखी पेपर

जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी पाच जणांनी मिळून उतरवायचं असतं अशी रूढी आहे. निदान रीडिंग तरी त्याच दिवशी, शाईने, थेट जर्नलच्या मागच्या पानावर लिहा. चुकलं तर एका रेषेने खोडा. आणि वाईट रीडिंग 'सुधारू' नका. सरळ रेषेत बसणारे सहाचे सहा बिंदू पाहिले की परीक्षकांना पहिला संशय तिथेच येतो. बिंदू का हुकला याचं एक पटणारं कारण देता आलं तर त्याचे मार्क चांगल्या आलेखापेक्षा जास्त मिळतात.

लेखी उत्तरात आकृती किंवा समीकरण आधी, मजकूर नंतर. स्पर्धक अवरोधाबद्दल पाच मार्कांना विचारलं तर दोन रेषांचा आलेख, केएम वाढतो आणि व्हीमॅक्स तोच राहतो ही एक ओळ, तसं का होतं याच्या दोन ओळी आणि एक खरं उदाहरण: सक्सिनेट डिहायड्रोजनेजवर मॅलोनेट, किंवा मिथेनॉलच्या विषबाधेत इथेनॉल. पाच-सहा वर्षांचे जुने पेपर सोडवा. प्रश्न फिरून फिरून येतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एखादा मार्ग मोठ्याने मराठीत समजावून सांगायचा आणि लगेच इंग्रजीत लिहून काढायचा. मराठीत अडखळलात तर विषय कळलेला नाही, इंग्रजीत अडखळलात तर फक्त वाक्यं कमी पडतायत. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

तिसरं वर्ष आणि पुढे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करता येतं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि कॉलेजात तशी सोय असावी लागते. ही चौकशी दुसऱ्या वर्षीच करा.

एमएस्सीसाठी तिसऱ्या वर्षी जॅम या प्रवेशपरीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर द्या. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या विभागात. वीस प्रश्नांत आकडा स्वतः टाइप करायचा असतो, तिथे तुक्का चालत नाही. अभ्यासक्रमात बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्रही आहे, बायोलॉजीच्या मुलांचे मार्क जातात ते तिथे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी वेगळी. गेटचा लाइफ सायन्सेस पेपरही तिसऱ्या वर्षात देता येतो आणि त्यात बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग आहे.

नोकरीच्या बाजूने पाहिलं तर औषध कंपन्यांचे क्वालिटी कंट्रोल विभाग आणि अन्न तपासणीच्या लॅब पदवीधरांना घेतात. मुलाखतीत विचारतात ते एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र), द्रावणं बनवणं आणि नोंदी ठेवणं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं असेल तर डीएमएलटी वेगळी करावी लागते, नुसत्या बीएस्सीवर ते दार सहसा उघडत नाही.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची फेलोशिप आहे, तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी निघतात. पुण्यात एनसीएल, एनसीसीएस, आयसर, मुंबईत टीआयएफआर, खारघरला अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्था. थेट ईमेल करायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा, मेमध्ये नको. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्यापेक्षा पाच जणांना, त्यांच्या एखाद्या शोधनिबंधाचा सारांश वाचून लिहा. दीड परिच्छेद पुरे: तुम्ही कोण, त्यांच्या कामातलं नेमकं काय समजलं, हाताने काय करता येतं आणि कुठल्या तारखांना मोकळे आहात. 'हाताने काय येतं' या ओळीत 'बायोटेक्नॉलॉजीची आवड' असं लिहू नका. 'फॉस्फेट बफर, लाउरी, डीएनएस, अमायलेजचा केएम स्वतः काढला आहे' असं लिहा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.